धरण उशाला, कोरड घशाला: संशोधन सगळ्या देशांना वाचता यावं यासाठी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. विद्यार्थी, प्राध्यापक, गावातले डॉक्टर, कधी एखादा शेतकरी काउंटरवर येऊन जे विचारतात, ते इथे उत्तरांसह लिहून ठेवलं आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगते: ज्या देशांतल्या माणसांच्या रक्तावर, बियाण्यांवर, रोगांवर संशोधन होतं, त्या देशांना ते वाचायचा, त्यात नाव असण्याचा आणि त्यातून निघणाऱ्या औषधाचा हक्क आहे. कोणी मेहेरबानी म्हणून द्यावं अशी ही गोष्ट नाही.

सगळं संशोधन इंटरनेटवर आहे. मग अडतं कुठे?

शीर्षक दिसतं, सारांश दिसतो, पुढे कुलूप असतं. मागच्या वर्षी प्राणिशास्त्राची एक एम.एस्सी.ची मुलगी मोबाईल घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. गुलाबी बोंडअळीवरचा नऊ पानांचा शोधनिबंध, आणि खाली किंमत: ३९ डॉलर ९५ सेंट. "मॅडम, हे रुपयांत किती?" मी म्हटलं, जवळजवळ साडेतीन हजार. तिचा एसटीचा पास आणि मेसचा डबा मिळून महिन्याला साधारण तेवढाच खर्च होत होता. प्रबंधासाठी असे निबंध तीस-चाळीस तरी लागतात. तिच्या वडिलांच्या शेतातली बोंडं अळीनं पोखरलेली, आणि त्या अळीविषयी काय कळलंय ते मात्र कुलपात. धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात ते हेच.

एखादा निबंध वाचायला मिळाला नाही म्हणून एवढं काय बिघडतं?

लायबेरियात काय झालं ते बघा. १९८२ साली युरोपातल्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. लायबेरियातल्या लोकांचं रक्त तपासलं होतं आणि काहींच्या रक्तात इबोलाच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे आधी लागण होऊन गेल्याची खूण, सापडली होती. निबंधात स्पष्ट लिहिलं होतं की लायबेरिया हा देश इबोलाच्या प्रदेशात धरला पाहिजे, आणि तिथल्या दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांनी रुग्णालयातून साथ पसरू नये म्हणून तयारीत राहिलं पाहिजे.

हा इशारा ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत तो गेलाच नाही. २०१४ मध्ये साथ आली तेव्हा पश्चिम आफ्रिकेत इबोला येऊ शकतो हे तिथल्या आरोग्य खात्याच्या हिशेबातच नव्हतं. त्या साथीत अकरा हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली चार हजार आठशेच्या वर एकट्या लायबेरियात. बऱ्याच परिचारिका आणि डॉक्टरही गेले. २०१५ मध्ये लायबेरियाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह वर्तमानपत्रात हे सगळं लिहिलं. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, अशा जुन्या निबंधांपैकी एक उतरवून घ्यायला ४५ डॉलर पडतात, म्हणजे तिथल्या डॉक्टरचा अर्ध्या आठवड्याचा पगार. दुसरी मला जास्त लागली: त्यातल्या एकाही निबंधावर लायबेरियाच्या संशोधकाचं नाव नव्हतं. एक जरी स्थानिक माणूस त्या गटात असता, तर निबंध विकत न घेताही ती गोष्ट राजधानी मनरोव्हियात कोणाच्या तरी डोक्यात राहिली असती. रक्त नेलं आणि निष्कर्ष परत आलेच नाहीत.

निबंधाचे पैसे लेखकाला मिळतात ना?

एक रुपयाही नाही. लेखकाला मानधन नसतं, निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांनाही सहसा नसतं. संशोधनाचा खर्च बहुतेक वेळा सरकारी, म्हणजे करदात्यांचा. पैसे प्रकाशकाकडे जातात. संपादन, छपाई, संगणकीय जतन यांचा खर्च असतो हे मला मान्य आहे. पण जे लोकांच्या पैशातून झालं ते लोकांना पुन्हा विकत घ्यावं लागावं, हे पटत नाही.

गरीब देशांना नियतकालिकं फुकट मिळतात असं ऐकलंय. खरं का?

अर्धं खरं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ मध्ये 'हिनारी' नावाची योजना प्रकाशकांसोबत सुरू केली. मग शेतीसाठी, पर्यावरणासाठी, तंत्रज्ञानासाठी, कायद्यासाठी तशाच योजना आल्या. आता त्या सगळ्या 'रिसर्च फॉर लाइफ' या नावाखाली चालतात. सर्वांत गरीब देशांतल्या संस्थांना मोफत, त्यावरच्या गटाला कमी शुल्कात. यातून खरोखर खूप संस्थांना वाचायला मिळालं आहे.

पण दुसऱ्याच्या मर्जीवर मिळालेलं दुसऱ्याच्या मर्जीनं जातंही. २०११ च्या जानेवारीत बांगलादेशातल्या ग्रंथालयांना काही मोठ्या प्रकाशकांची नियतकालिकं एकाएकी दिसेनाशी झाली. तिथला बाजार आता विकत घेण्याजोगा झालाय, असा त्यांचा हिशेब होता. जगभरातून ओरड झाली तेव्हा ती परत सुरू झाली. तो प्रसंग वाचताना मी तिथल्या ग्रंथपालाच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं होतं. काल जो मुलगा निबंध वाचत होता त्याला आज काय सांगायचं?

भारत या सवलतीत बसत नाही. आपलं अर्थकारण आकारानं मोठं, म्हणून यादीबाहेर. तालुक्याच्या कॉलेजचं बजेट कोणी बघत नाही.

मग भारताचं काय? 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' म्हणजे नेमकं काय?

केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली योजना आहे. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं, केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना खुली. सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक, संशोधक यात येतात. कामकाज गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या सरकारी केंद्राकडे आहे. आधी मोठी विद्यापीठं आणि आयआयटी वेगवेगळे करार करून जे वाचत होती, ते आता सरकारी महाविद्यालयाच्या मुलालाही दिसतं. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मोकळेपणानं मान्य करायला हवी.

माझी हरकत दोन ठिकाणी आहे. खासगी संस्था, दवाखाना चालवणारा डॉक्टर, पत्रकार, गावातली स्वयंसेवी संस्था, निवृत्त प्राध्यापक, शेतकरी हे सगळे बाहेरच राहिले. आणि हा पैसा भाड्याचा आहे. करार संपला की दार बंद व्हायची भीती, मग पुन्हा घासाघीस. त्या ६,००० कोटींतला थोडा तरी भाग आपली स्वतःची चांगली, खुली नियतकालिकं उभी करायला गेला असता तर बरं झालं असतं.

माझी संस्था यादीत नाही. कायदेशीर मार्गानं निबंध कसा मिळवू?

पुष्कळ मार्ग आहेत, आणि बहुतेकांना ते माहीतच नसतात. गूगल स्कॉलरवर शीर्षक टाका आणि खाली 'सर्व आवृत्त्या' दाबा. बऱ्याचदा विद्यापीठाच्या संग्रहात तोच निबंध मोफत पडलेला असतो. ब्राउझरला 'अनपेवॉल' जोडा; खुली प्रत असेल तर ते कुलूप उघडल्याचं चिन्ह दाखवतं. वैद्यकीय विषयासाठी पबमेड सेंट्रल, भौतिकशास्त्र आणि गणितासाठी 'अर्काइव्ह' (१९९१ पासून चालू आहे). भारतीय प्रबंध 'शोधगंगा'वर, कृषी विद्यापीठांचे 'कृषिकोश'वर. शेतकऱ्यांच्या मुलांना मी कृषिकोश आवर्जून दाखवते. आपल्याच कृषी विद्यापीठात आपल्याच पिकावर किती काम झालंय हे बघून ती चकित होतात.

काहीच मिळालं नाही तर लेखकाला पत्र लिहा. त्याबद्दल शेवटी सांगते.

सायहब वापरू का?

ग्रंथपाल म्हणून मी ते सुचवत नाही. कुलपातले निबंध प्रकाशकांच्या परवानगीशिवाय फुकट देणारं हे संकेतस्थळ कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये सुरू केलं. तीन प्रकाशक २०२० च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं ते भारतात बंद करण्याचा आदेश दिला. पण लाखो प्रामाणिक विद्यार्थ्यांना ज्या दारानं जावं लागलं ते दार चुकीचं होतं एवढंच म्हणून थांबणं बरोबर नाही. पुढचं दार बंद कोणी ठेवलं, हेही विचारलं पाहिजे.

शिकवण्यासाठी झेरॉक्स काढण्याबद्दल मात्र आपला कायदा उदार आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध तीन परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं तो फेटाळला आणि अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतले उतारे एकत्र करून देता येतात असं सांगितलं.

ओपन ॲक्सेस आलं म्हणजे प्रश्न मिटला ना?

वाचणाऱ्याचा मिटला, लिहिणाऱ्याचा सुरू झाला. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात कल्पना सरळ होती: संशोधन सगळ्यांना मोफत वाचता यावं. प्रकाशकांनी तिचा एक अर्थ असा लावला की वाचक देणार नसेल तर लेखकानं द्यावं. 'नेचर' या नियतकालिकानं २०२१ पासून एका निबंधासाठी ९,५०० युरो घ्यायला सुरुवात केली, म्हणजे त्या वेळचे आठ लाखांच्या वर रुपये. लहान संस्थेतल्या संशोधकाला एवढ्यात दोन वर्षांसाठी सहायक नेमता येईल, प्रयोगशाळेला लागणारी रसायनं घेता येतील. गरीब देशांतल्या लेखकांना माफी असते, पण ती मागावी लागते, अर्ज करावा लागतो, आणि भारत बऱ्याच याद्यांबाहेर. आपण दुसऱ्याचं वाचायचं आणि आपलं कोणी वाचू नये, अशी नवी विभागणी यातून तयार होते. मला ही जुन्या कुलपापेक्षा घातक वाटते, कारण ती दिसत नाही.

मग दोघांनाही फुकट असं कुठे आहे का?

आहे, आणि तेही श्रीमंत देशांत नव्हे. ब्राझीलमध्ये १९९८ साली 'सायलो' सुरू झालं. सरकारी पैशातून चालणारं नियतकालिकांचं जाळं. लॅटिन अमेरिकेतले बहुतेक देश त्यात आले. मेक्सिकोतल्या एका विद्यापीठानं २००३ मध्ये 'रेदालिक' उभं केलं. यातली पुष्कळशी नियतकालिकं लेखकाकडून पैसे घेत नाहीत, वाचकाकडूनही नाहीत. याला आता 'डायमंड' पद्धत म्हणतात. तिथले निबंध स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषेतही असतात, त्यामुळे शाळेतल्या शिक्षिकेलाही वाचता येतात.

आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीनं आपली नियतकालिकं फार पूर्वीच संकेतस्थळावर खुली केली. 'करंट सायन्स' कोणीही उघडून वाचू शकतं. म्हणजे जमत नाही असं नाही.

विकसनशील देश फक्त घेणारेच आहेत ना? आपण देतो काय?

हा प्रश्न ऐकला की मला थांबून बोलावंसं वाटतं. पटकीचा, म्हणजे कॉलराचा, जंतू विष तयार करतो आणि तेच आतड्यात पाणी ओढतं, हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांच्याकडे पटकीच्या रुग्णांना द्यायचं सलाइन संपत आलं तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं, नातेवाइकांच्या हातानं पाजलं. छावणीतलं मरणाचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आलं. आज ते पाणी जगभर पाजतात.

आणि गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे आकडे आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. त्यांचं एक साधन मी मुलांना फळ्यावर काढून दाखवते. लाकडी पट्टीवर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. बाळाचे दहा श्वास मोजायचे, एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया. लिहिता-वाचता न येणारी सुईणही त्यावर निदान करू शकते. पुढे २०११ मध्ये घरोघरी नवजात बाळाची तपासणी आशाताईंमार्फत देशभर सुरू झाली.

असं ज्ञान ज्या गावातून निघालं त्या गावातल्या नर्सला त्याचा मूळ निबंध उघडता येतो की नाही, हा प्रश्न मग लहान राहत नाही.

नमुने दिले की काम संपतं. त्यात वाटणीचा प्रश्न कुठे येतो?

इंडोनेशियानं २००७ मध्ये हा प्रश्न जगापुढे टाकला. तिथे बर्ड फ्लूनं माणसं मरत होती. नियमाप्रमाणे देश विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळांना पाठवत होता. मग कळलं की त्याच नमुन्यावरून ऑस्ट्रेलियातली एक कंपनी लस बनवते आहे, आणि साथ आली तर ती लस इंडोनेशियाला परवडणारही नाही. आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी नमुने पाठवणं थांबवलं. तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली, की या बाईंमुळे साऱ्या जगाला धोका आहे. धोका होताच, आणि नमुने अडवणं मला आजही बरोबर वाटत नाही. पण त्या अडून बसल्या नसत्या तर कोणी टेबलावर आलं असतं असंही वाटत नाही.

चार वर्षांच्या वाटाघाटींनंतर मे २०११ मध्ये इन्फ्लुएंझाच्या नमुन्यांसाठी करार झाला: देशांनी नमुने द्यायचे, लस कंपन्यांनी दरवर्षी निधी आणि साथीत लशीचा काही वाटा द्यायचा. पुढे २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेनं महामारी करार स्वीकारला. त्यात सहभागी कंपन्यांनी साथीच्या काळात उत्पादनाचा २० टक्के भाग जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करावा, त्यातला निदान निम्मा मोफत, असं उद्दिष्ट आहे. नमुने आणि मोबदला यांच्या तपशिलाचं परिशिष्ट मात्र पुढच्या वाटाघाटींवर सोडलं गेलं.

माहिती लगेच खुली केली तर फायदाच होतो ना?

जगाचा होतो. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या झांग योंगझेन यांच्या गटानं नव्या विषाणूचा जनुकीय क्रम सगळ्यांसाठी टाकला आणि काही दिवसांत लशींचे आराखडे तयार झाले. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी नवा प्रकार सापडताच सांगून टाकला, ज्याला पुढे ओमिक्रॉन म्हटलं. त्याचं फळ काय मिळालं? दोन-तीन दिवसांत कितीतरी देशांनी त्यांची विमानं बंद केली, आणि तपासणीची रसायनं येणंही अवघड झालं. खरं सांगणाऱ्यालाच दंड.

लशीच्या तंत्राबाबतही तेच. भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत कोविडपुरती पेटंट शिथिल करण्याची मागणी केली. जून २०२२ मध्ये जे पदरात पडलं ते फारच तोकडं होतं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला केपटाउनमधल्या एका प्रयोगशाळेनं लस कंपनीच्या मदतीशिवाय, जाहीर असलेल्या माहितीवरून स्वतःची एमआरएनए लस प्रयोगशाळेत बनवून दाखवली.

हळदीच्या पेटंटचं काय झालं होतं?

१९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) महासंचालक होते. परिषदेनं जुने संस्कृत ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३ चा निबंध पुरावा म्हणून दिला आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आजी हळद चेपायची हे पेटंट कार्यालयाला पुरेसं नव्हतं. लिहिलेलं, छापलेलं, त्यांना कळेल अशा भाषेत हवं होतं. म्हणून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह तयार झाला आणि पाच परदेशी भाषांत मांडला गेला.

परदेशी संशोधक आमच्या गावात रक्त-नमुने गोळा करायला आले तर काय विचारावं?

आरोग्य संशोधनात परदेशी सहभाग असेल तर भारतात सरकारी छाननी समितीची मंजुरी लागते आणि नीतिमत्ता समितीचीही. कागद बघायला मागा. मग विचारा: निष्कर्ष आम्हाला आमच्या भाषेत कोण सांगणार, कधी? इथला कोणी लेखकांत आहे का? नमुने किती वर्षं, कुठे ठेवणार? दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये स्वतःची संशोधन-नियमावलीच केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी, अशा शब्दांत त्यांनी आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक संशोधकाकडून काय हवं ते सांगितलं.

मराठीत काहीच नसतं. इंग्रजी न येणाऱ्यानं काय करायचं?

काहीच नसतं असं नाही. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत आहे, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते. पण ताजं संशोधन मराठीत येत नाही हे खरं. आमच्याकडे पीएच.डी. झालेल्या प्रत्येकाला मी एकच विनंती करते, की प्रबंधाचा दोन पानांचा मराठी गोषवारा द्या, मी तो लावून ठेवते. आतापर्यंत अकरा आले आहेत. सर्वांत जास्त वाचला गेला तो विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवरचा. त्याच्या कडा मळून गेल्यात.

लेखकाला पत्र लिहिलं तर उत्तर येतं का?

बहुतेकदा येतं. लेखकाला आपलं काम वाचलं जावं असंच वाटत असतं, आणि एकट्या अभ्यासकाला प्रत पाठवायला बहुतेक प्रकाशकांची हरकत नसते. चार ओळी पुरतात: मी कोण, कुठे शिकते, कोणता निबंध हवा आणि कशासाठी. शेवटची ओळ महत्त्वाची. बोंडअळीवाल्या मुलीनं तिथे लिहिलं, "माझ्या वडिलांची चार एकर कपाशी आहे." तिसऱ्या दिवशी ब्राझीलहून उत्तर आलं. तो निबंध, आणखी दोन न मागितलेले, आणि खाली एक प्रश्न: तुमच्याकडे कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारा सापळा) पहिला पतंग कोणत्या आठवड्यात दिसतो? तिला माहीत नव्हतं. त्या शनिवारी ती गावी गेली आणि बांधालगत पाच सापळे लावून आली.